लाल गोळीत बी-१२ घाला: आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य विभाग,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
सप्रेम नमस्कार.

तालुक्याच्या गावात बसस्थानकासमोर माझं औषधांचं दुकान आहे. चिठ्ठीशिवाय सगळ्यांत जास्त काय मागितलं जातं, तर पहिली डोकेदुखीची गोळी आणि तिच्या खालोखाल “ताकदीचं काहीतरी”. ऊसतोडीवरून परतलेली बाई, रात्रपाळीचा वॉचमन, दहावीच्या मुलाची आई, पेन्शनीत निघालेले गुरुजी, सगळे काउंटरवर हात टेकून तेच म्हणतात, “ताई, अंगात जीव राहिला नाही. एक बी-कॉम्प्लेक्सची पट्टी द्या.” पट्टी स्वस्त असते, लघवी पिवळीधमक होते, आणि औषध लागू पडतंय अशी खात्री पटते. तो पिवळा रंग रायबोफ्लेविनचा, म्हणजे बी-२ चा. शरीराला नको असलेलं जीवनसत्त्व बाहेर पडल्याची ती खूण आहे, पण हे दुकानात उभ्या असलेल्या थकलेल्या माणसाला कोण सांगणार? मी सांगते. काही जण ऐकतात, काही शेजारच्या दुकानात जातात.

ब वर्गातली आठही जीवनसत्त्वं स्वतः ऊर्जा देत नाहीत. भाकरीतून, भातातून, तेलातून ऊर्जा मोकळी करण्याच्या कामात ती पेशींना मदत करतात. ज्याच्या अंगात ती पुरेशी आहेत त्याला आणखी दिल्यानं काही चढत नाही. चुलीत लाकूडच नसेल तर फुंकणी कितीही फुंका. रात्री चार तास झोपणाऱ्या, दुपारी वडापाववर भागवणाऱ्या वॉचमनला पट्टी विकून मी त्याचे पैसे घेते, थकवा त्याच्याकडेच राहतो. दुकानातल्या फ्रीजमधली ती ‘एनर्जी’वाली बाटलीही तशीच. लेबलवर बी-६, बी-१२ लिहिलेलं असतं, तरतरी येते ती साखर आणि कॅफिनची.

एवढंच असतं तर मी आपल्याला लिहिलं नसतं. लोक वायफळ खर्च करतात, यात नवीन काय. पण ताकदीचं मागायला येणाऱ्या या गर्दीत असे खूप जण असतात ज्यांना एक जीवनसत्त्व खरोखरच कमी पडतंय. ते त्यांना ठाऊक नसतं, आणि सरकारी दवाखान्यात ते कुणी शोधतही नाही. ते म्हणजे बी-१२. गरोदर बायकांना सरकार जी लोह-फॉलिक ॲसिडची लाल गोळी देतं, तिच्यातही ते नाही.

बी-१२ कुठलंही झाड तयार करत नाही, कुठलाही प्राणीही करत नाही. ते फक्त जिवाणू बनवतात. गाई-म्हशींच्या पोटातल्या जिवाणूंकडून ते दुधात आणि मांसात उतरतं, पाण्यातल्या जिवाणूंकडून अन्नसाखळीतून माशांत येतं. म्हणून ते मिळतं दुधा-दह्यातून, अंड्यातून, मटणातून, बांगड्यातून. शिंपल्यांत तर भरपूर. कोकणातल्या माणसाला तिसऱ्यांचं सुकं आवडतं त्याला जिभेखेरीज आणखीही एक कारण देता येईल. पण पालक, मेथी, शेंगदाणे, ज्वारी, मोडाची मटकी यांत ते नाही. इडली आंबवली म्हणून त्यात भरवशाचं बी-१२ तयार होत नाही, आणि स्पिरुलिनाच्या महागड्या हिरव्या गोळ्यांत असतो तो मुख्यतः त्याचा तोतया, शरीराच्या कामाचा नसलेला. प्रौढ माणसाला दिवसाला साधारण २ ते अडीच मायक्रोग्रॅम लागतं. कपभर दुधातून १ मायक्रोग्रॅमच्या आसपास मिळतं. आता आपल्याकडे किती घरांत प्रत्येक माणूस रोज दोन-तीन कप दूध पितो? जिथं गाय आहे तिथलं दूधसुद्धा डेअरीला जातं, घरात चहापुरतं उरतं.

माळकरी घरं, जैन, लिंगायत, ब्राह्मण घरं तर सोडाच. ‘खाणाऱ्या’ घरांतसुद्धा मटण रविवारचं, श्रावण वेगळा, मार्गशीर्षातले गुरुवार वेगळे, आणि पातेल्यातले तुकडे आधी पुरुषांच्या ताटात. बाईच्या वाट्याला रस्सा.

हे मी अंदाजानं बोलत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यावर तीस वर्षांहून जास्त काळ काम करताहेत. २००६ मध्ये त्यांनी पुण्यातल्या आणि आसपासच्या ४४१ पुरुषांच्या रक्ताच्या तपासण्या प्रसिद्ध केल्या. ६७ टक्के पुरुषांत बी-१२ कमी होतं. शहरातल्या मध्यमवर्गीय पुरुषांत ते प्रमाण ८१ टक्के निघालं, म्हणजे नोकरी-पगार-फ्लॅटवाल्यांत सगळ्यांत जास्त. त्याआधी, १९९३ पासून, पुण्याजवळच्या सहा गावांत त्यांनी गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला होता. तिथं दोन-तृतीयांश मातांमध्ये बी-१२ कमी होतं. फॉलिक ॲसिडची, म्हणजे बी-९ ची, कमतरता मात्र त्यांच्या रक्तपेशींत जवळजवळ नव्हतीच. केंद्र सरकारच्या २०१६ ते २०१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणातही १० ते १९ वयाच्या ३१ टक्के मुलामुलींत बी-१२ ची कमतरता आढळली.

इथं मला थोडं मागं, मुंबईला जावंसं वाटतं. १९२८ मध्ये लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरबाई मुंबईत आल्या. गरोदरपणात गिरणी-कामगार वस्त्यांतल्या बायकांना एक विचित्र पंडुरोग (ॲनिमिया) होत होता, रक्तातल्या लाल पेशी फुगलेल्या आणि संख्येनं कमी. परळच्या हाफकिन संस्थेत बसून त्यांनी त्याचा माग काढला. उंदरांवर, माकडांवर प्रयोग केले, आणि शेवटी यीस्टच्या अर्कानं हा पंडुरोग बरा होतो हे १९३१ मध्ये छापून आणलं. त्या अर्कात जे होतं ते पुढे दहा वर्षांनी पालकाच्या पानांतून वेगळं काढलं गेलं, तेच फॉलिक ॲसिड. आज जगभर गरोदर बाईला जी गोळी दिली जाते तिच्यातला एक घटक असा मुंबईच्या कष्टकरी बायकांच्या आजारातून सापडला आहे. तो सरकारी गोळीत आला आणि योग्यच झालं. पुण्याच्या गावांतल्या बायकांनी आपल्या रक्तातून जे दाखवून दिलं ते मात्र कागदावरून गोळीपर्यंत अजून पोचलेलं नाही. माझं हे पत्र एवढ्यासाठीच आहे.

२०१८ पासूनच्या ॲनिमियामुक्त भारत कार्यक्रमात आशाताई गरोदर बाईला लाल गोळी देतात. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. चौथ्या महिन्यापासून रोज एक, १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. शाळेतल्या मोठ्या मुलींना आठवड्याला निळी गोळी, घटक तेच. लहानांना गुलाबी. तिन्ही रंगांत बी-१२ नाही. राज्यातल्या निम्म्याहून अधिक स्त्रिया पंडुरोगी आहेत असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे आकडे सांगतात, आणि आपण वर्षानुवर्षं त्याच दोन घटकांची गोळी वाटतो आहोत. बाई गोळी खात नाही, उकिरड्यावर टाकते, असा ठपका तिच्यावर ठेवला जातो. काही टाकतातही, पोट बिघडतं म्हणून. पण नेमानं खाणारीचंही हिमोग्लोबिन अडून बसतं तेव्हा कारण शोधायला नको का?

फॉलिक ॲसिड आणि बी-१२ शरीरात एकमेकांच्या हातात हात घालून काम करतात. एकच वाढवलं आणि दुसरं उपाशी ठेवलं तर काय होतं? मोठ्या मात्रेत फॉलिक ॲसिड दिलं की बी-१२ च्या कमतरतेचा पंडुरोग सुधारतो, रक्ताचा रिपोर्ट चांगला दिसतो, आणि नसांचं नुकसान मात्र आतल्या आत चालू राहतं. १९४० च्या दशकापासून डॉक्टरांना हे ठाऊक आहे. सरकारी गोळीतली ५०० मायक्रोग्रॅमची मात्रा त्या मानानं लहान आहे, हे मी मान्य करते. पण आपल्या बाजारात ५ मिलिग्रॅमची फॉलिक ॲसिडची गोळी सर्रास चालते. तीच ती महिनोन्‌महिने घेणारी गिऱ्हाइकं माझ्याकडे येतात, आणि त्यातल्या कुणाच्याही फाईलमध्ये बी-१२ ची तपासणी नसते. पुण्याच्या त्याच गावांतल्या मुलांबद्दल २००८ मध्ये प्रसिद्ध झालेली आणखी एक गोष्ट आहे: ज्यांच्या आईच्या रक्तात गरोदरपणी फॉलेट (म्हणजे बी-९) जास्त आणि बी-१२ कमी होतं, त्या मुलांच्या शरीरात सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सगळ्यांत जास्त दिसली. हे निरीक्षण आहे, कारण सिद्ध झालं असं त्यावरून म्हणता येत नाही. तरी मधुमेहाच्या देशात एवढ्यावर कान टवकारायला हरकत नव्हती.

आणि बाळं. आईच्याच अंगात बी-१२ नसेल तर तिच्या दुधात ते कुठून येणार? वर्षाच्या आसपासचं बाळ, फक्त अंगावर पिणारं, दिसायला गुटगुटीत. बसायला लागलेलं बसेनासं होतं, हसेनासं होतं, हात-पाय-मान थरथरायला लागतात, बोटांच्या पेरांवर काळपट रंग चढतो. बालरोगतज्ज्ञ याला इन्फंटाइल ट्रेमर सिंड्रोम म्हणतात. आपल्या देशातल्या शाकाहारी, गरीब आयांच्या बाळांत तो वर्षानुवर्षं नोंदला गेला आहे आणि त्याच्यामागं बहुतेकदा बी-१२ ची कमतरता असते. वेळेत बी-१२ दिलं तर बाळ काही दिवसांत पुन्हा हसू लागतं. उशीर झाला तर बुद्धीवर कायमचा परिणाम राहू शकतो. आजी म्हणते, दृष्ट लागली. आजीला दोष कसा द्यायचा, जर आईच्या माता-बाल संरक्षण कार्डावर या जीवनसत्त्वासाठी साधा रकानाही नाही?

मोठ्या माणसांत एवढं नाट्य नसतं, म्हणून ते सुटतं. तळपायाला मुंग्या येतात, चप्पल कधी निसटली कळत नाही, अंधारात तोल जातो, जीभ लाल होऊन झोंबते, विसरायला होतं. हे “वयानुसार” म्हणून सोडून दिलं जातं. सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या नेहमीच्या तपासणीत, पकडलं जाईल म्हणावं तर तेही नाही. बी-१२ कमी असेल तर लाल पेशी मोठ्या होतात, लोह कमी असेल तर लहान. आपल्याकडे एकाच माणसात दोन्ही कमी, त्यामुळे यंत्र सरासरी काढून पेशींचा आकार ‘नॉर्मल’ छापतं.

आता शुगरची गोळी. मेटफॉर्मिन. आपल्या आयुष्मान आरोग्य मंदिरांत आणि ग्रामीण रुग्णालयांत ती फुकट मिळते ही खरोखर चांगली सोय आहे, यावर दुमत नाही. पण ती वर्षानुवर्षं घेतली की आतड्यातून बी-१२ कमी शोषलं जातं. याचे पुरावे इतके भक्कम आहेत की ब्रिटनच्या औषध नियामकानं २०२२ मध्ये डॉक्टरांना तशी सूचना काढली. त्यात ॲसिडिटीची ती सकाळची उपाशीपोटीची गोळी. ती पोटातलं आम्ल कमी करते, आणि अन्नातून बी-१२ सोडवून घ्यायला आम्ल लागतं. आपल्या मधुमेही माणसाचं चित्र असं की तो माळकरी आहे, सकाळी ॲसिडिटीची गोळी, दोन वेळा मेटफॉर्मिन, आणि पायाला मुंग्या. मुंग्यांचं खापर शुगरवर फुटतं. कदाचित शुगरचाच दोष असेलही. पण बघायला तर हवं! असंसर्गजन्य आजारांच्या तपासणीत बीपी आणि शुगर लिहून घेतात. मेटफॉर्मिन चार-पाच वर्षं चालू असलेल्याची बी-१२ तपासणी कुठल्याच कागदावर मी पाहिलेली नाही.

खासगी लॅबमध्ये ही तपासणी महाग पडते. मग डॉक्टर तपासणीशिवाय बी-१२ ची सुई देतात. लाल रंगाची ती सुई, गावात तिला “ताकदीची सुई” म्हणतात, आणि सलाईनमध्ये पिवळं औषध मिसळून “बाटली चढवणं” हा तर आमच्या भागातला उन्हाळी धंदाच आहे. पाच सुया झाल्यावर कुणी शहरात तपासणी करतं, रिपोर्ट येतो ‘२००० पेक्षा जास्त’, आणि डॉक्टर म्हणतात तुमचं उत्तम आहे. सुईनंतर काढलेल्या आकड्याला काही अर्थ नसतो हे निदान एमबीबीएसनं तरी ओळखावं. शिवाय सुईची गरज बहुतेकांना नसतेच. बी-१२ शोषायला जठरातला एक खास पदार्थ लागतो, त्याची क्षमता एका वेळी दीड-दोन मायक्रोग्रॅमची. पण मोठी मात्रा तोंडावाटे घेतली तर तिचा सुमारे शंभरावा भाग त्या वाटेशिवायही आत झिरपतो. १००० मायक्रोग्रॅमच्या गोळीतून १० मायक्रोग्रॅम, म्हणजे दिवसाच्या गरजेच्या चौपट. स्वीडनमध्ये कित्येक दशकं अशा गोळ्यांवरच काम चाललं आहे. नसांवर परिणाम दिसू लागलेल्यांना मात्र सुईच द्यावी, ती आधी आणि लवकर.

माझ्या स्वतःच्या धंद्याबद्दलही दोन शब्द. मुंग्यांवर म्हणून विकल्या जाणाऱ्या संयुक्त गोळ्यांत बी-६ असतं, आणि ते मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतलं तर त्यानंच नसा बधिर होतात. केसांसाठी १०,००० मायक्रोग्रॅम बायोटिनच्या गोळ्या खपतात. गरज असते तीस-चाळीसची. वर त्या थायरॉइडच्या आणि हृदयविकाराच्या काही रक्ततपासण्यांचे आकडे चुकवतात. अमेरिकेच्या नियामकानं तसा इशारा २०१७ मध्ये दिला. आमच्या संघटनेच्या बैठकांत या गोष्टी निघत नाहीत. ‘मार्जिन’ निघतं.

कुणी म्हणेल, सरकारनं बी-१२ दिलंच आहे की. रेशनच्या पोषणयुक्त तांदळाच्या मानकात ते आहे, खरं. किती? किलोला पाऊण ते सव्वा मायक्रोग्रॅम. माणशी ५ किलो धरले तर महिन्याभरात फार तर सव्वासहा मायक्रोग्रॅम. जेमतेम तीन दिवसांची गरज त्यात भागते. आणि अंडं, ज्यातून अर्धा मायक्रोग्रॅम सहज मिळतं? शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडं, न खाणाऱ्याला केळं, हा निर्णय नोव्हेंबर २०२३ चा. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबला, लोकसहभागातून हवं तर द्या असं सांगितलं गेलं. ते खातं आपलं नाही, पण मंत्रिमंडळ एकच आहे. आदिवासी भागात अमृत आहार योजनेतून बालकांना अंडी देता येतात, तर माण-खटावच्या शाळेत का नाही, याचं उत्तर मला कुठल्याही आरोग्यशास्त्राच्या पुस्तकात सापडलं नाही.

मागणं साधं आहे. लाल आणि निळ्या गोळीत बी-१२ घाला. गोळीचं सूत्र दिल्लीत ठरतं हे ठाऊक आहे, पण महाराष्ट्रानं मागितलं तर त्या मागणीला पुण्याच्या कामाचा आधार आहे. तो दुसऱ्या राज्यांपाशी नाही. २ मायक्रोग्रॅम एवढी लहान मात्राही उपयोगी पडते हे याच गटानं २०१२ पासून त्याच गावांतल्या तरुण मुलामुलींना रोज देऊन पाहिलं आहे. पातळी वाढते. गरोदर बायकांसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या बहु-सूक्ष्मपोषक गोळीतही लोह-फॉलिकसोबत बी-१२ आहेच, आणि जागतिक आरोग्य संघटनेनं ती २०२१ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. बी-१२ घातल्यानं हिमोग्लोबिन झपाट्यानं वर चढेल असा दावा मी करत नाही, तसा पुरावाही नाही. नसा, बाळाचा मेंदू आणि आईचं दूध यासाठी ते हवं आहे.

हे होईपर्यंत दोन गोष्टी तर आपल्या सहीनं उद्याही होऊ शकतात. शाकाहारी गरोदर बाईला पहिल्याच नोंदणीत “दूध-अंडी-मासे किती?” एवढं विचारून प्राथमिक आरोग्य केंद्रातून बी-१२ ची गोळी वेगळी द्यावी. गरोदरपणी आणि अंगावर पाजत असेपर्यंत. आणि मेटफॉर्मिन चार वर्षांहून जास्त घेणाऱ्याची वर्षातून एकदा जिल्हा रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत तपासणी व्हावी. ती जमत नसेल तर त्या माणसाला शुगरच्या गोळ्यांच्या पिशवीत बी-१२ ची पट्टीही मिळावी. या गोळीनं नुकसान होण्याचा धोका इतका कमी आहे की तपासणीसाठी खोळंबून राहण्यात शहाणपण नाही. खर्चाचं म्हणाल तर कच्च्या मालाच्या भावात २ मायक्रोग्रॅम म्हणजे पैशाचाही बारीक अंश. महाग पडते ती आमच्या काउंटरवरची पट्टी, कारण तिच्यात डबी आहे, जाहिरात आहे, आणि माझा वाटा आहे.

पुढच्या अर्थसंकल्पाच्या वेळी लोह-फॉलिकच्या गोळ्यांची निविदा निघेल तेव्हा तिच्यात हा एक घटक वाढलेला दिसावा. तसं झालं तर माझ्याकडच्या पट्ट्यांचा खप कमी होईल, त्याची काळजी आपण करू नये.

आपली,
एक औषधविक्रेती (बी. फार्म.)
सातारा जिल्हा